बूस्ट वाढवल्यावर टर्बो गाडी मिसिंग मारते: इंजेक्टर बदलण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल टर्बो इंजिन. इनटेक, मोठा इंटरकूलर आणि डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बसवून झाल्यावर मॅप, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमधली सेटिंग, बदलला आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, ०.८ बारवरून १.३ बारवर नेला. तेव्हापासून चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान गाडी गचके खाते. आयडलिंग स्वच्छ आहे आणि हळू चालवताना काहीच त्रास नाही. स्कॅनरवर कधी पी०३०० येतो (कुठल्याही सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे मिश्रण न पेटणं), कधी पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरचा). चारही प्लग नवे, चारही कॉइल नव्या, त्याही 'जास्त ताकदीच्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) गचक्याच्या वेळी लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो म्हणून ट्यूनरने पेट्रोल वाढवलं, तर गाडी आणखी बिघडली. आता तो म्हणतोय इंजेक्टर बदला. बदलायचे का?

नका बदलू. निदान अजून तरी नाही. तुम्ही दिलेल्या माहितीत इंजेक्टरकडे बोट दाखवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वाइडबँडचा लीन आकडा, आणि मिसफायर होत असताना तो आकडा खोटा असतो. त्यावर सविस्तर येतो. त्याआधी दोन गोष्टी.

पहिली, पूर्ण रेस देऊन बघणं आजपासून बंद. चेक इंजिनचा दिवा मिसफायरच्या वेळी लुकलुकत असेल तर ईसीयूच (इंजिनाचा कंप्युटर) सांगतोय की कॅट (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) जळेल इतकं न जळलेलं पेट्रोल पुढे जातंय. ते पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटतं, कॅटची जाळी वितळते आणि तिचे तुकडे सायलेन्सरमध्ये अडकतात. दुसरीकडे सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल पेट्रोलने धुतलं जातं आणि रिंगा कोरड्या घासतात. डाउनपाइप बसवताना कॅट काढून टाकला असेल तर पहिला धोका टळतो, दुसरा टळत नाही. मॅप जुन्या ०.८ बारवर न्या आणि तिथे गाडी स्वच्छ चालते का ते बघा. ही चाचणी फुकट आहे आणि तिच्यातून मिळणारी माहिती चार नव्या कॉइलपेक्षा जास्त आहे.

दुसरी, हे खरंच मिसफायर आहे ना? ट्यून केलेल्या गाडीत गचका देणाऱ्या इतर गोष्टीही असतात. बूस्ट ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की ईसीयू पेट्रोल तोडतो. तो झटका भिंतीवर आपटल्यासारखा असतो, एकच आणि जोरदार. टॉर्कची मर्यादा ओलांडली की इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल स्वतःहून अर्धवट मिटतो, पायाखाली पॅडल पूर्ण दाबलेलं असताना. सेन्सरला नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणं) ऐकू आलं की टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे ओढलं जातं आणि गाडी एकदम मेल्यासारखी वाटते, पण थरथरत नाही. खऱ्या मिसफायरमध्ये तडतड असते, एक्झॉस्टमधून फटफट येते आणि लॉगमधली आरपीएमची रेघ करवतीसारखी दातेरी होते. तुमच्याकडे पी०३०३ नोंदला गेलाय म्हणजे बहुधा मिसफायरच आहे. तरी लॉगमध्ये थ्रॉटलची उघडझाप आणि टायमिंगची रेघ बघून खात्री करा. थ्रॉटल १०० टक्क्यांवरून आपोआप ६० वर उतरत असेल तर आपण भलत्याच वाटेवर आहोत.

आता त्या वाइडबँडचं.

एक्झॉस्टमधला तो सेन्सर ऑक्सिजन मोजतो. पेट्रोल किती आलं हे त्याला थेट कळत नाही, उरलेल्या ऑक्सिजनवरून तो अंदाज बांधतो. सिलिंडर नीट पेटला तर हा हिशेब बरोबर येतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर आत आलेली सगळी हवा जशीच्या तशी बाहेर जाते, तिच्यातला ऑक्सिजन सेन्सरवर आपटतो आणि मीटर म्हणतो 'लीन'. प्रत्यक्षात त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल हवं तितकं, कदाचित जास्तच असतं. ट्यूनरने लीन बघून पेट्रोल वाढवलं. आधीच पेटायला नाखूष असलेलं मिश्रण आणखी ओलं झालं, प्लग काळे पडायला लागले, मिसफायर वाढला आणि मीटरने आणखी लीन दाखवलं. अशा फेऱ्यात पूर्ण भाराचा लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, कमी तितकं पेट्रोल जास्त) ०.८० वरून ०.७० पर्यंत खाली नेलेले मॅप मी उघडून पाहिलेत. ट्यूनर मूर्ख होता असं नाही, त्याने मीटरवर विश्वास ठेवला एवढंच.

खरा लीन आणि खोटा लीन ओळखता येतो, पण त्यासाठी लॉगची रेघ ताणून, सेकंदाचा दहावा भाग दिसेल इतकी मोठी करून बघावी लागते. पेट्रोल खरंच कमी पडत असेल तर लॅम्डा आधी चढायला लागतो: ०.८०, ०.८३, ०.८७ असा सरकत, आणि मग इंजिन अडखळतं. ठिणगी चुकत असेल तर लॅम्डा शेवटच्या क्षणापर्यंत ०.८० वर शांत असतो, आरपीएमची रेघ आधी तुटते आणि त्यानंतर लीनचा टोकदार सुळका येतो, कारण वायू सिलिंडरमधून सेन्सरपर्यंत पोचायला थोडा वेळ घेतो. आधी काय बिघडलं, रेघ की लॅम्डा, एवढंच बघायचं. तुमच्या वर्णनात 'गचक्याच्या वेळी लीन' आहे, 'गचक्याआधी' नाही. पेट्रोल वाढवून गाडी बिघडली हा दुसरा पुरावा. माझा संशय ठिणगीवर आहे, आणि त्याची कारणं आकड्यांतच आहेत.

प्लगच्या दोन टोकांमधून ठिणगी उडी मारते तेव्हा तिला किती व्होल्टेज लागेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: त्या क्षणी सिलिंडरमधली हवा किती दाट आहे आणि टोकांमधली गॅप किती आहे. ढोबळमानाने दोघांचा गुणाकार. ०.८ बार बूस्ट म्हणजे वातावरणाचा दाब धरून मॅनिफोल्डमध्ये १.८ बार, आणि १.३ बार बूस्ट म्हणजे २.३ बार. म्हणजे तीच गॅप, तेच प्लग आणि कॉइलकडून मागणी सव्वापटीहून जास्त. त्यात बूस्ट वाढवताना नॉकिंग टाळायला ट्यूनर टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी पडते तेव्हा पिस्टन आणखी वर आलेला असतो आणि दाब आणखी वाढलेला असतो. कंपनीने कॉइल निवडली ती मूळ बूस्टसाठी, थोडी शिल्लक ठेवून. ती शिल्लक तुम्ही खर्च केलीत.

मग ३,५०० ते ४,५०० मध्येच का? कारण टॉर्कचा शेंडा तिथे आहे. टॉर्क सर्वात जास्त तिथे प्रत्येक फेरीला सिलिंडर सर्वात जास्त भरतो, म्हणजे ठिणगीची सर्वात कठीण परीक्षाही तिथेच होते. ६,५०० ला पॉवर जास्त असेल, पण एका फेरीत भरणारी हवा कमी असते. म्हणून माझा ठोकताळा असा: मिसिंग टॉर्कच्या शेंड्यावर येऊन पुढे विरळ होत असेल तर आधी प्लग-कॉइल बघा. आरपीएम वाढेल तशी ती वाढतच जात असेल तर पेट्रोलचा पुरवठा, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा किंवा कॉइलला भरायला न मिळणारा वेळ बघा. ठोकताळाच आहे, कायदा नव्हे. पण तुमच्या गाडीला तो चपखल बसतो. त्रास चौथ्या-पाचव्या गिअरमध्येच का, याचंही उत्तर यातच आहे. वरच्या गिअरमध्ये आरपीएम सावकाश चढतात, टर्बोला पूर्ण बूस्ट बांधायला वेळ मिळतो आणि इंजिन त्या कठीण पट्ट्यात जास्त वेळ अडकून राहतं.

आता प्लग. 'चारही नवे' असं तुम्ही लिहिलंय, पण गॅप किती ते लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा खोक्यातून काढून सरळ बसवले. हे जवळजवळ सगळेच करतात. खोक्यातली गॅप ही त्या नंबरच्या प्लगची असते आणि एकच नंबर अनेक गाड्यांना चालतो. १.१ मिमी गॅपचा प्लग बिगर-टर्बो गाडीत सुंदर चालेल आणि २.३ बारला ठिणगी विझवेल. तुमच्या बूस्टला मी ०.६५ मिमी ठेवीन. हिशेब बघा: मूळ ०.८ मिमी गॅप १.८ बारला चालत होती असं धरलं, तर २.३ बारला तेवढ्याच व्होल्टेजमध्ये सुमारे ०.६३ मिमी भागते. ०.५ च्या खाली जाऊ नका. ठिणगी इतकी आखूड होते की आयडलिंगला मिश्रण पेटवायला ती अपुरी पडते आणि मग तुम्ही वेगळ्याच मिसफायरची तक्रार घेऊन याल.

इरिडियम प्लगची गॅप लावताना हात सांभाळा. मधला इलेक्ट्रोड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. काठावर आकडे कोरलेलं ते गोल गेज आत दाबून फिरवलंत तर मधलं टोक तिरकं होतं किंवा चिनीमातीला तडा जातो. बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड तेवढा हलवायचा, मधल्याला काहीही टेकू द्यायचं नाही, आणि मोजायला तारेचं गेज वापरायचं. खाली पडलेला प्लग तर सरळ फेकून द्या. दिसायला धडधाकट असतो, पण आत केसाएवढी चीर पडते आणि ती फक्त बूस्टवर बोलते.

हीट रेंजही, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते, बघून घ्या. पॉवर एवढी वाढवल्यावर मूळपेक्षा एक पायरी थंड प्लग लागतो. इथे नंबरांची गंमत आहे: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. दुकानात 'एक नंबर वरचा द्या' म्हणून चुकीच्या दिशेला गेलेले लोक मी पाहिलेत.

जुने प्लग टाकून दिले नसतील तर सिलिंडरच्या क्रमाने मांडून उजेडात बघा. नसतील तर आत्ता लावलेले काढा. टोक काळं, मऊ काजळीचं असेल तर जादा पेट्रोल, आणि तुमच्याकडे बहुधा तेच दिसेल. ओलं आणि तेलकट असेल, तेही एकाच सिलिंडरचं, तर जरा गंभीर व्हा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चमकदार रुपेरी कण दिसले तर ते नॉकिंगचे पुरावे, रुपेरी कण पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे. मग पुढचं सगळं सोडून आधी कॉम्प्रेशन. टोक बघून झालं की वरचा पांढरा भाग बघायचा, जो कॉइलच्या रबरी बुटाच्या आत असतो. लोखंडी कडेजवळ तपकिरी वलय असेल तर काळजी नाही, ते सगळ्यांनाच येतं. पण वरून खाली उतरणारी पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर ठिणगी टोकाला जाण्याऐवजी बाहेरून उतरून पळतेय. त्याची जोडरेघ बुटाच्या आतल्या भिंतीवर सापडते. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर जुनी रेघ नव्यावर आठवड्याभरात वाट पाडते. प्लगच्या विहिरीत तेल साचलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केटही गेलंय, तेलाने बूट फुगतो आणि सैल होतो.

कॉइलबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. 'जास्त ताकदीच्या' कॉइल बसवल्या, पण मॅपमध्ये ड्वेल बदलला का? ड्वेल म्हणजे ठिणगीआधी कॉइलमध्ये करंट भरायला दिलेला वेळ, साधारण दोन ते चार मिलिसेकंद. मोठ्या कॉइलला तो जास्त लागत असेल आणि ईसीयू जुन्याच हिशेबाने भरत असेल, तर मोठी टाकी अर्धीच भरतेय. उलट ड्वेल जास्त झाला तर कॉइल तापून मरते. विकणाऱ्याकडे त्या कॉइलचा ड्वेलचा तक्ता मागा. तो देता आला नाही तर मूळ कंपनीच्या कॉइल परत लावा. गॅप बरोबर असेल तर १.३ बारला त्या बहुतेक इंजिनांत पुरतात.

कॉइलपर्यंत पोचणारं व्होल्टेज हा भाग लोक विसरतातच. कॉइलमधली ऊर्जा करंटच्या वर्गावर चालते. करंट १० टक्के घटला तर ऊर्जा सुमारे १९ टक्के घटते. ईसीयू व्होल्टेज बघून ड्वेल वाढवतो हे खरं, पण तो बघतो स्वतःच्या पिनवरचं व्होल्टेज. कॉइलच्या वायरिंगमध्ये किंवा अर्थमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या जोडणीत) काय गळतंय ते त्याला दिसत नाही.

यावर माझीच फजिती सांगतो. दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये टर्बो किट बसवलेली गाडी माझ्याकडे आली. तक्रार हीच, बूस्टवर मिसिंग. मी दोन दिवस पेट्रोलच्या मागे घालवले. प्रेशर मोजलं, इंजेक्टर काढून फ्लो तपासला, पंप बदलून पाहिला. सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी, खरं तर दुसरं काही सुचेना म्हणून, मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं कॉइलच्या अर्थच्या पिनला लावलं आणि गाडी भारावर चालवून पाहिली. मीटर ०.४ व्होल्ट दाखवत होता. तिथे ०.१ च्या वर काही दिसता कामा नये. बरं, मल्टीमीटर सरासरी दाखवतो. ऑसिलोस्कोप लावला तर कॉइल भरत असतानाच्या त्या दोन-तीन मिलिसेकंदांत एक व्होल्टहून जास्त अर्थमध्येच खर्च होत होतं. व्हॉल्व्ह कव्हर दिसायला छान म्हणून पावडर कोटिंग करून घेतलं होतं आणि कॉइलचा अर्थ त्याच्याच बोल्टखाली, रंगावर कसलेला होता. चाकूने रंग खरवडला, बोल्ट कसला, विषय संपला. दोन दिवसांचं बिल मी लावलं नाही.

तुमच्या गाडीत इंटरकूलर आणि डाउनपाइप बसवताना काय काय सुटं केलं होतं ते आठवा. हेडपासून बॉडीपर्यंतची अर्थची पट्टी परत लागली का? तिच्याखाली रंग किंवा गंज आहे का? हे पाच मिनिटांचं काम आहे.

पी०३०३ चं काय करायचं? ईसीयू मिसफायर ओळखतो तो क्रँकच्या वेगावरून. पेटलेला सिलिंडर क्रँकला धक्का देतो, न पेटलेला देत नाही, तेवढा वेग क्षणभर घटतो, आणि तो क्षण कोणाच्या वाट्याचा हे बघून सिलिंडरचा नंबर लावला जातो. कमी आरपीएमला हा हिशेब पक्का असतो. वर, भारावर, क्रँक स्वतःच पिळवटत असतो, त्यामुळे कधी शेजाऱ्यावर खापर फुटतं. शेजारी म्हणजे फायरिंग ऑर्डरमधला शेजारी. तुमच्या इंजिनाची ऑर्डर १-३-४-२ असेल तर तिसऱ्याचे शेजारी पहिला आणि चौथा. पी०३०० आणि पी०३०३ आलटून पालटून येणं याचा मी अर्थ लावतो तो असा: ठिणगी सगळीकडेच काठावर आहे आणि तिसरा सर्वात अशक्त आहे. अशक्त का, हे अदलाबदलीने कळतं. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावा, तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यावर, इंजेक्टर जागेवरच राहू द्या. कोड पहिल्यावर गेला तर कॉइल, दुसऱ्यावर गेला तर प्लग, तिसऱ्यावरच राहिला तर वायरिंग, इंजेक्टर किंवा इंजिन. आणि हो, एक नंबरचा सिलिंडर कोणत्या बाजूचा हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. उलट्या टोकाने मोजून चांगली कॉइल फेकलेली मंडळी कमी नाहीत.

चालू इंजिनवर कॉइल उपटून 'कोणता सिलिंडर मेलाय' ते बघायची जुनी सवय सोडा. हजारो व्होल्टचा झटका बसतो तो वेगळाच, पण कच्चं पेट्रोलही एक्झॉस्टमध्ये जातं. तेच करायचं तर इंजेक्टरचं कनेक्टर काढा.

ठिणगीनंतर हवेची गळती. वरच्या बूस्टला सिलिकॉनचे होज क्लिपखालून सरकतात, विशेषतः पाइपच्या टोकाला उंचवटा नसेल किंवा आत तेलाचा थर असेल तर. पार्किंगमध्ये हाताने हलवून सगळं घट्ट वाटतं. सांध्याभोवती तेलकट धूळ चिकटलेली दिसली की तिथून दाबाखाली हवा सुटते असं समजा. टर्बोच्या तोंडाला बूच लावून, रेग्युलेटरमधून हळूहळू हवा भरायची, ०.५ बारपासून सुरुवात करून, आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फवारायचं. ऑइल भरायचं झाकण सैल करून ठेवा, नाहीतर क्रँककेसमध्ये दाब शिरून एखादं सील बाहेर येईल. गळतीचा परिणाम गाडीत कोणता सेन्सर आहे त्यावर ठरतो. हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असेल तर मोजलेली हवा वाटेत सुटते, ईसीयू तिच्यासाठीही पेट्रोल देतो आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. मॅनिफोल्डचा दाब मोजणारी गाडी असेल तर मिश्रण फारसं बिघडत नाही, टर्बोच जास्त फिरून हवा तापवत बसतो. बूस्टची हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला असेल तर गिअर बदलताना येणारा एखादा धडका त्याचा असू शकतो. तुमची तक्रार ती नाही.

पेट्रोलचं थोडक्यात, कारण इथे मला संशय कमी आहे. पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरबाहेर, इनटेकमध्ये फवारणारं) असेल आणि रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली असेल तर बूस्ट जेवढा वाढतो तेवढंच रेलचं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीचं, प्रेशर वाढायला हवं. मूळ ३ बार असेल तर १.३ बार बूस्टला ४.३ दिसलं पाहिजे. ते ३.८ वर अडकलं तर पंप, त्याला मिळणारं व्होल्टेज किंवा फिल्टर. इंजेक्टरची ड्युटी (तो किती टक्के वेळ उघडा राहतो ते) ८५ टक्क्यांच्या पुढे गेली असेल तर ट्यूनरचं म्हणणं बरोबर ठरेल आणि मी शब्द मागे घेईन. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर रेलचं मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर शेजारी-शेजारी लॉग करा. तिथे फारकत दिसली की हाय प्रेशर पंप किंवा त्याचा कॅमवरचा फॉलोअर.

ठिणगी, हवा, पेट्रोल तिन्ही निर्दोष निघाले तरच इंजिनाच्या आत. मात्र प्लगवर रुपेरी कण दिसले असतील तर हीच पहिली पायरी. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंजेक्टर आणि कॉइल बंद, आणि क्रँक मारून कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा, १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. कॉम्प्रेशन ठीक आलं तरी लीक-डाउन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती आणि कुठून सुटते ते बघा. नॉकिंगने पिस्टनचा रिंगांमधला कट्टा तुटला असेल तर क्रँकवर आकडा बरा येतो आणि भारावर सिलिंडर हवा धरत नाही. लीक-डाउनला कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही या यादीत आहेत. ३४ मिमी व्यासाच्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर १.३ बार बूस्ट सुमारे १२ किलोचा रेटा देतो, आणि तो स्प्रिंगेच्या ताकदीतून वजा होतो. थकलेली स्प्रिंग वरच्या आरपीएमला मग व्हॉल्व्ह वेळेवर मिटवू शकत नाही. तुमची गाडी ४,५०० नंतर सुधारते, त्यामुळे हे नसावं.

हलकं फ्लायव्हील किंवा तीव्र कॅम लावलेले असते तर मिसफायरचे खोटे कोडही येऊ शकले असते, कारण क्रँकच्या वेगातली चढउतार ईसीयूच्या अपेक्षेबाहेर जाते. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून सोडून देतो.

तर तुमच्या जागी मी हे असं करीन. मॅप ०.८ बारचा, आणि वाढवलेलं पेट्रोल मागे. प्लग काढून, बघून, फोटो काढून गॅप ०.६५ वर. मूळ कॉइल परत. अर्थ खरवडून कसणं. मग बूस्ट एकदम १.३ ला नेऊ नका. १.०, १.१५, १.३ अशा पायऱ्या घ्या आणि प्रत्येक पायरीला लॉग. डायनो (गाडी रोलरवर चालवून मोजायचं यंत्र) मिळाला तर उत्तम, नाहीतर बंद ट्रॅक. सुरुवात २,५०० च्या वरूनच करा. वरच्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून पूर्ण रेस दिली तर डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि एका दणक्यात पिस्टन फुटू शकतो. एका वेळी एकच बदल करा म्हणतात. इथे मी गॅप, कॉइल आणि अर्थ एकत्र करायला सांगतोय, कारण तिन्ही तशीही बरोबर असायलाच हवीत. त्यानंतर मात्र एकेकच.

मिसिंग परत आली तर ती कोणत्या दाबाला येते ते बघा, कोणत्या आरपीएमला ते नव्हे. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या तिन्ही गिअरमध्ये मॅनिफोल्डचा दाब, समजा, २.१५ बारला पोचला की गचका, मग आरपीएम काहीही असो, तर ठिणगीच. आरपीएम ठरावीक आणि दाब बदलता असेल तर पुन्हा बसून विचार करू.

लॉगमध्ये आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, थ्रॉटल, टायमिंग, प्रत्येक सिलिंडरचा नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे टायमिंग किती मागे ओढलं ते), लॅम्डा, रेलचं प्रेशर, इंजेक्टरची ड्युटी, बॅटरी व्होल्टेज आणि प्रत्येक सिलिंडरची मिसफायरची मोजणी, एवढं असू द्या. रकाने वाढवले की नोंदीचा वेग मंदावतो, त्यामुळे याहून जास्त नको. मूळ फाइल पाठवा, स्क्रीनचा फोटो नको. त्यात लॅम्डा आधी की आरपीएम आधी, ते दिसत नाही.